पाणाड्याचा डावा हात

कमळू निचिते जन्माला आला तो पाय पुढे करून. सुईण म्हणाली, पोरगा पायाळू हाय, आणि तेवढ्या एका बोलण्यावर त्याचं आयुष्य ठरून गेलं. पायाळू माणसाला जमिनीखालचं पाणी कळतं, हे किन्हवलीपासून मुरबाडपर्यंत कुणालाही विचारा, नाही म्हणणारा सापडायचा नाही. आता आईच्या पोटातून डोकं आधी काढायचं की पाय, हे काय त्या पोरानं ठरवलं होतं? पण लोकांनी ठरवलं. सोळाव्या वर्षी त्याच्या डाव्या तळहातावर नारळ ठेवला आणि सांगितलं, चल.

रीत साधी होती. पहाटे आंघोळ करायची, पोटात अन्नाचा कण घालायचा नाही, अनवाणी निघायचं. नारळ तळहातावर आडवा धरायचा, शेंडी बोटांकडे, आणि शेत उभं-आडवं चालायचं. पाणी असेल तिथं नारळ आपसूक उभा राहतो. उभा राहिला की टाच मारून तिथं दगड ठेवायचा. पैशाला हात लावायचा नाही. विहिरीला पाणी लागलं की घरधनीण पहिला हंडा पाणाड्याच्या पायांवर ओतते, तोच त्याचा मान. असे कितीतरी हंडे कमळूच्या पायांवर ओतले गेले. ज्या विहिरी कोरड्या गेल्या त्यांचं कुणी बोलत नाही. कोरडी गेली तर घरात कुणाचा तरी विटाळ होता, नाहीतर नारळ शिळा होता. पाणाड्या चुकत नसतो, ही सोय आपल्या लोकांनी झकास करून ठेवलेली आहे.

कमळू मात्र लबाड नव्हता. नारळ उठायचा तेव्हा त्याला खरोखर मनगटाखालून कुणीतरी ओढल्यासारखं व्हायचं. हात आपला राहायचाच नाही. त्या एका क्षणासाठी तो जवळजवळ पन्नास वर्षं उपाशी चालला.

मग त्रेसष्टाव्या वर्षी एका दुपारी ओटीवर वाल सोलताना त्याचा डावा अंगठा आपोआप हलायला लागला. तर्जनीवर अंगठा घासत होता, तंबाखू मळल्यासारखा, आणि हातात तंबाखू नव्हती. मुलगा वाल्मिक हसून म्हणाला, बाबा, आपल्या ओटीखाली पाणी हाय वाटतं. सगळे हसले, कमळूही हसला. पण महिन्याभरानं किन्हवलीत एका घरी साखरपुडा होता, तिथं पानाचं ताट पुढं आलं आणि कमळूचा हात मनगटापासून थडथडायला लागला. यजमानानं ते पाहिलं. गप्प बसेल तर तो यजमान कसला! त्यानं बरोबर त्याच जागी बोअर मारला आणि पाणी लागलं. झालं. नारळ सुटला. कमळूबाबाला आता नारळ लागत नाय, पाणीच त्याला हाक मारतं, असं किन्हवलीपासून मुरबाडपर्यंत झालं.

हाक मारणारं पाणी पुढं पायांत उतरलं. उंबरठ्याशी आला की कमळूचे पाय जमिनीला चिकटायचे, मागून ढकललं तर पडायचा. रेश्मानं, म्हणजे वाल्मिकच्या बायकोनं, चुलीवर बोंबील जाळून कोळसा केला तरी त्याला वास यायचा नाही. आवाज बसत गेला. चेहरा तर पार थिजला, पापणी लवायची नाही. लोक म्हणायचे, म्हातारा कसा साधूसारखा शांत झालाय. शांत कसला डोंबल्याचा! आत माणूस कोंडला होता आणि बाहेरून कडी लागली होती.

शेवटी कल्याणच्या एका डॉक्टरकडे नेला. डॉक्टर तरुण होता, घाईत होता, पण माणूस बरा. त्यानं कागदावर मेंदू काढला आणि खाली एक ठिपका दिला. म्हणाला, बाबा, इथं आत एक काळा डाग असतो, तुमच्या वालाच्या दाण्याएवढा धरा. त्यात एक रस तयार होतो, त्या रसावर तुमचं चालणं, हसणं, सगळं चालतं. तुमचा रस आटत चाललाय. ह्याला पार्किन्सन म्हणतात. गोळी म्हणजे वरून ओतलेलं पाणी, तीन-चार तास पुरेल, मग परत कोरडं. बरं होणार नाही, पण गोळी वेळेवर घ्या, एकसुद्धा चुकवू नका.

गोळीनं हात थांबला. पाय सुटले. आणि म्हाताऱ्याला विचारांचं खूळ लागलं.

दुपारी ओटीवर पडून तो वालाचा एक दाणा चिमटीत धरायचा आणि बघत बसायचा. एवढ्याशा डागात माझं चालणं आणि हसणं मावत असेल, तर कमळू कुठं राहतो? मी म्हणतो ऊठ, पाय उठत नाही. मी म्हणतो थांब, हात थांबत नाही. मग हा मी म्हणजे कोण? घराचा मालक, की ओटीवर बसवून ठेवलेला पाहुणा? आणि त्याहून वाईट एक विचार यायचा, तो आला की त्याला खरोखर भीती वाटायची. नारळ उठायचा तेव्हाही हात माझ्या सांगण्यानं हलत नव्हता. तेव्हा आपण म्हटलं, पाणी हलवतं. आता डॉक्टर म्हणतो, डाग हलवतो. मग तेव्हाही डागच होता का? पन्नास वर्षं लोकांना काय दाखवलं मी?

इथवर आला की त्याचं मन आणखी वर जायचं. जमिनीच्या पोटात काळोखात पाणी वाहतं, कुणी बघत नाही. त्याला ठाऊक असतं का, आपण पाणी आहोत म्हणून? वर सूर्य-चंद्र फिरतात, एवढं अफाट ब्रह्मांड फिरतं. फिरवणारा कुणी शुद्धीवर आहे, की तेही नुसतंच थरथरतंय, कमळूच्या अंगठ्यासारखं, आणि खाली माणसं त्याचा अर्थ लावून दगड ठेवत सुटलीत? हे त्यानं एकदा रेश्माला सांगायचा प्रयत्न केला. ती तांदूळ पाखडत होती. तिनं ऐकलं, मान हलवली आणि म्हणाली, बाबा, जेवून घ्या, भात निवतोय. वाल्मिकनं निदान केलं की गोळ्यांची गरमी डोक्यात गेली.

वाल्मिक तोवर बोअरच्या गाडीवाल्याबरोबर फिरायला लागला होता. पार्टी आणायची, जागा दाखवायची, हे त्याचं काम, आणि जागा दाखवायला बाप घरचाच. पण एकदा डोळखांबच्या बाजूला पार्टीसमोर बापाला उभा केला तर हात ढिम्म. सकाळची गोळी लागू पडली होती. पार्टीनं चहा पाजून दोघांना परत पाठवलं. वाल्मिकनं दोन-तीनदा वेळ लावून बघितलं आणि त्याच्या लक्षात आलं की गोळी पोटात गेली की पाणी गप्प होतं. मग तो बापाजवळ बसून गोड आवाजात म्हणाला, बाबा, पाणी बघायला उपाशी जायची रीत तुमीच पाळली ना जन्मभर? मग गोळी तरी पोटात कशाला? आल्यावर घ्या.

रीत तर कमळूचीच होती.

त्या सकाळी कशा जायच्या ते ऐकून ठेवा. सहाची गोळी चुकली की सातला डाव्या पायाची बोटं आत वळायची, मूठ आवळल्यासारखी. आठला पोटरीला पेटका यायचा तो सुटायचाच नाही. नवाला मान आणि खांदा मिळून एक लाकूड व्हायचं, आणि त्या लाकडाच्या आत ठणका. दोघांनी उचलून त्याला जीपमध्ये घालायचं. खड्डा आला की त्याच्या तोंडून हूं निघायचं, आणि पुढं बसलेली पार्टी हात जोडायची, बाबांच्या अंगात आलंय म्हणून. तो वाल्मिकला म्हणायचा, गोळी दे रे. आवाज एवढासा. वाल्मिक म्हणायचा, काय? जरा मोठ्यानं बोला. मोठ्यानं बोलता आलं असतं तर गोळी मागितली असती कशाला?

वाल्मिक वाईट माणूस नव्हता, हेही सांगून टाकतो. वाईट असता तर बरं झालं असतं, शिव्या तरी घालता आल्या असत्या. काम झालं की तो स्वतःच्या हातानं बापाला गोळी भरवायचा, पाय चेपायचा, सरळगावच्या नाक्यावर जीप थांबवून गरम जिलबी घ्यायचा. कमळूला जिलबीची चव लागायची नाही. तरी तो खायचा, कारण मुलगा प्रेमानं देत होता.

हे दीड वर्ष चाललं. आणि यंदाच्या चैत्रात जनी आली.

जनी म्हणजे कमळूची पाठची बहीण, टोकावड्याच्या अलीकडे एका पाड्यात दिलेली. तिला त्यानं कडेवर वाढवलेलं. साठीची झाली तरी नदीच्या वाळूत खणलेल्या डवऱ्यावरून हंडे वाहत होती. गेल्या उन्हाळ्यात हंड्यासकट घसरली, मनगट मोडलं आणि वाकडंच जुळलं. ते वाकडं मनगट भावाच्या मांडीवर ठेवून ती म्हणाली, विपुल तयार झालाय. विपुल तिचा मुलगा, मुरबाडला टेम्पो चालवायचा. एकच बोअर मारीन म्हणाला. लागला तर लागला, नायतर आईनं हंडे वाहायचे. दादा, जागा तूच दाखव.

कमळू त्या मनगटाकडे बघत राहिला. दुसऱ्या कुणाच्या शेतात थरथरणं वेगळं. जनीचा एकच बोअर होता. तो कोरडा गेला तर हे मनगट मरेपर्यंत हंडा उचलणार होतं. त्यानं मनाशी ठरवलं की जनीला रोगावर जागा द्यायची नाही. गोळी खाऊन जायचं, हात स्थिर करायचा, आणि पूर्वीसारखा नारळ घेऊन चालायचं. स्थिर हातावर नारळ उठला तर ते पाणी. मग जनीलाही पाणी मिळेल आणि पन्नास वर्षांचं उत्तरही. नाही उठला तर नाही म्हणून सांगायचं. एवढ्यासाठी त्यानं आदल्या दिवशी दुपारची गोळी तोंडात न घालता तंबाखूच्या चंचीत सरकवली आणि ती अख्खी दुपार दात आवळून काढली. रेश्मानं दोनदा विचारलं, बाबा, आज एवढं का दुखतंय?

मंगळवारी जीप सरळगावला थांबली. वाल्मिक चहाला उतरला तशी कमळूनं चंची उघडली. उघडताना हातातून दोनदा निसटली. गोळी सापडली ती तंबाखूनं माखलेली, तशीच कोरडी गिळली. टोकावड्याचा रस्ता धरेपर्यंत पायाची बोटं हळूहळू उलगडली, मानेतलं लाकूड सैल झालं. जनीच्या दारात तो कुणाचा हात न धरता जीपमधून उतरला. जनीला वाटलं, माझ्या अंगणात पाय ठेवताच दादा बरा झाला. तिनं पदर डोळ्यांना लावला.

त्यानं नारळ मागितला. वाल्मिक चपापला. बापाच्या हाताकडे बघितलं, हात थंड. तो दातओठ खात म्हणाला, गोळी कुणी दिली तुमाला? कमळूनं डाव्या तळहातावर नारळ आडवा ठेवला आणि चालायला लागला.

शेत दोन एकराचं, कापणीनंतर भेगा पडलेलं. तो ते उभं चालला, आडवं चालला, कोपऱ्यातून कोपऱ्यात चालला. ऊन चढलं. तापलेली ढेकळं तळपायाला टोचत होती. बांधावर जनी, विपुल आणि पाड्यातली दहा-बारा माणसं श्वास रोखून उभी. नारळ तळहातावर पडून राहिला. पन्नास वर्षांत जे मनगटाखालून ओढायचं ते कुठंच नव्हतं. पहिल्या फेरीत कमळूला वाटलं, अजून पुढं असेल. दुसऱ्या फेरीत त्यानं देवाला हाक मारली. तिसऱ्या फेरीत त्याला कळलं की आपण पाण्यासाठी नाही, स्वतःसाठी चालतोय, आणि त्याचा त्याला संताप आला. अख्ख्या शेतात नारळ एकदासुद्धा उठला नाही.

बारा वाजून गेले होते. विपुलनं गोठ्याच्या मागं करंजाच्या सावलीत प्लास्टिकची खुर्ची टाकली. ती तिथंच का टाकली? कारण सावली तिथंच होती, दुसरं काही नाही. कमळू बसला. दुपारची गोळी वाल्मिकच्या खिशात, आणि वाल्मिक फुगून जीपमध्ये बसलेला. एक वाजला असेल, अंगठा हलला. मग मनगट. मग अख्खा हात मांडीवर आपटायला लागला. कमळूनं उजव्या हातानं तो दाबून धरला, पण जनीनं पाहिलं होतं. ती धावत आली, शेणाच्या हातांनीच एक दगड उचलला आणि खुर्चीच्या पायाशी ठेवला. माणसं गोळा झाली. वाल्मिक जीपमधून उडी मारून आला, त्याचा चेहरा उजळला होता.

कमळूनं जनीचा पदर धरला आणि तिला खाली ओढलं. तिचा कान त्याच्या तोंडाशी आला तेव्हा तो बोलला.

"जने, ह्यो पाण्याचा हात नाय. रोगाचा हाय. गोळी घेतली का थांबतो, उतरली का हालतो. कुठंबी हालतो. मला कायच कळत नाय, बाय. हितं बोअर मारू नको."

दादा जन्मात तिच्याशी खोटं बोलला नव्हता, आणि आत्ताही बोलत नाही हे तिला कळलं. तिनं हळूच विचारलं, "सकाळी घेतली व्हती तू गोळी?"

"घेतली व्हती. चोरून."

"मंग म्हणून नारळ नाय उठला," जनी म्हणाली. "गोळीनं हात झोपवला तुझा."

कमळूला हसू आलं असतं, हसणारा चेहरा शिल्लक असता तर. त्यानं सगळं खरं सांगितलं होतं आणि त्याच खऱ्याची तिनं पाण्याच्या बाजूनं साक्ष काढली. तो पुन्हा बोलायला गेला, पण जनी उठली होती. विपुलला म्हणाली, हितंच मार.

बोअरची गाडी गुरुवारी आली. वाल्मिकनं तोवर बापाला तिथंच ठेवला, आणि जनीच्या सांगण्यावरून गोळी सकाळ-दुपारची बंद, फक्त रात्रीची. पाण्याला राग येऊ नये म्हणून. मशीन सुरू झालं तेव्हा कमळू त्याच खुर्चीत होता, वीस पावलांवर. पाय वळलेले, मान एका बाजूला. पांढरी भुकटी उडत होती. शंभर फूट, काही नाही. दीडशे, काही नाही. आणि कमळूच्या मनात काय चाललं होतं ते ऐका. तो देवाकडे मागत होता की कोरडा जाऊ दे. सख्ख्या बहिणीचा बोअर. तिचं वाकडं मनगट समोर दिसत असताना तो मागत होता, कोरडा जाऊ दे, म्हणजे मी खरा होईन आणि मला गोळी मिळेल. मग त्याला स्वतःची शिसारी आली. मग वेदनेची कळ आली आणि त्यानं परत तेच मागितलं.

दोनशे दहा फुटांवर भुकटी काळवंडली, चिखल झाला आणि पाण्याचा फवारा करंजाच्या फांदीपर्यंत उडाला.

पाड्यात एकच गलका झाला. विपुल भिजून चिंब नाचत होता. वाल्मिक गाडीवाल्याच्या गळ्यात पडला. कमळू खुर्चीत बसून त्या पाण्याकडे बघत होता. खुर्ची दहा पावलं पलीकडे टाकली असती तर? सावली दुसऱ्या झाडाची असती तर? हे विचारणारा त्या गर्दीत तो एकटाच होता, आणि त्याचा आवाज वीतभरही पोचत नव्हता. की खरंच हाताला ठाऊक होतं, आणि फक्त कमळूलाच ठाऊक नव्हतं? तसं असेल तर पन्नास वर्षं उपाशी चालला तो कोण? हाताला त्याची गरजच नव्हती. उत्तर मिळालं होतं की नव्हतं, तेही त्याला कळेना.

जनीनं पहिला हंडा भरला. वाकड्या मनगटानं, कुणाला हात लावू न देता, तो उचलून भावापाशी आणला. रीतच होती. ती खाली बसली आणि त्याच्या वळलेल्या पायांवर धार धरली. पाणी बर्फासारखं गार होतं. पायात कळ गेली ती थेट मस्तकात, आणि कमळूच्या उघड्या डोळ्यांतून पाणी ओघळलं. पापणी लवली नाही, ओठ हलला नाही.

"बघा, दादा कसा तृप्त झालाय," जनी म्हणाली. तिनं त्याच्या पावलांवर डोकं ठेवलं, बराच वेळ ठेवलं, हुंदके देऊन रडली. तिचं प्रेम खरं होतं, त्यात तसूभर खोट नव्हती.

मग ती डोळे पुसत उठली आणि वाल्मिकला म्हणाली, "माझ्या कुणालीच्या सासरीबी पाणी नाय रे. लेक दोन मैल चालते. पुढल्या मंगळवारी आण दादाला." आणि वाल्मिकच्या खिशातून डोकावणाऱ्या गोळ्यांच्या पट्टीकडे बघून म्हणाली, "तेवढे चार दिवस हे काय देऊ नको. हात झोपतो त्याचा."

वाल्मिकनं पट्टी खिशात आणखी खाली दाबली आणि हो म्हणाला.